साखळी प्रार्थना : नवी मुंबईतील एका मराठी मंडळीच्या सेवेचे परीक्षण

प्रार्थनेत टिकून राहा, हा उपदेश प्रत्येक ख्रिस्ती माणसाने लहानपणापासून ऐकलेला असतो. परंतु टिकून राहायला हात देणारी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आढळते. नवी मुंबईतील एका मराठी भाषिक मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चने, काही वर्षांपासून चालवलेली साप्ताहिक साखळी प्रार्थना ही अशी व्यवस्था आहे. मी ठाण्यात राहतो, त्या मंडळीचा सभासद नाही, तरीही बराच काळ या साखळीत सहभागी आहे, आणि म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. सेवेची जबाबदारी पाहणाऱ्या भगिनींनी मंडळीचे नाव प्रसिद्ध करू नये अशी विनंती केली आहे. यादीतील गोष्टी अतिशय खाजगी असतात आणि यादी हाताळता येईल एवढीच राहावी, हे त्यांचे कारण मला पूर्णपणे पटते. येथे नाव न देता सेवेचे स्वरूप, तिची बलस्थाने आणि तिच्यातील उणिवा मांडत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता साखळी सुरू होते आणि शनिवारी संध्याकाळी ६ वाजता पूर्ण होते. या २४ तासांचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ भाग केलेले आहेत आणि प्रत्येक भाग एका व्यक्तीने किंवा एका घराने उचललेला असतो. प्रार्थना आपापल्या घरी बसून करायची असते. विनंत्यांची यादी गुरुवारी रात्री व्हॉट्सॲपवर येते. ज्या वृद्धांकडे साधाच फोन आहे त्यांना तरुण संघातील कोणीतरी फोनवरून यादी वाचून दाखवतो आणि ते आपल्या वहीत ती उतरवून घेतात. आपला अर्धा तास संपला की पुढच्या व्यक्तीला फोन करायचा, हा नियम आहे. नुसता संदेश पाठवलेला चालत नाही. त्या फोनवर फार बोलणे नसते. ‘ताई, घणसोलीच्या बाळापर्यंत झालं, पुढचं तुमच्याकडे,’ एवढेच सांगितले जाते आणि पुढची व्यक्ती तिथून सुरुवात करते. तीन वेळा फोन करूनही पलीकडून उत्तर आले नाही, तर जबाबदार भगिनींना कळवायचे. तो अर्धा तास त्या स्वतः घेतात किंवा राखीव म्हणून नाव दिलेल्यांपैकी कोणाला तरी उठवतात.

यादी ‘कुठपर्यंत झाली’ हे सांगण्याची ही पद्धत वरवर किरकोळ वाटेल, परंतु माझ्या मते संपूर्ण सेवेचा प्राण तिच्यात आहे. यादीत बहुधा शंभराच्या पुढे विनंत्या असतात. एका व्यक्तीने अर्ध्या तासात शंभर विनंत्या घ्यायच्या ठरवल्या, तर प्रत्येक विनंतीच्या वाट्याला जेमतेम १८ सेकंद येतात, आणि अशी प्रार्थना म्हणजे नावे वाचण्याचे काम होऊन बसते. येथे मात्र कोणावरही यादी संपवण्याची सक्ती नाही. दहा विनंत्या झाल्या तरी पुरेशा आहेत, कारण अकरावी घेणारा पुढे बसलेला आहे. प्रत्येकाने दहा घेतल्या तरी २४ तासांत ४८० वेळा कोणा ना कोणासाठी मागणे होते आणि संपूर्ण यादी चार वेळा तरी फिरते. ज्या माणसाला एकट्याने तासभर प्रार्थना करणे जमत नाही, त्यालाही अर्धा तास जमतो. आणि आपल्यानंतर कोणीतरी आहे हे माहीत असल्यामुळे तो अर्धा तास घाईत जात नाही.

पवित्र शास्त्रात या पद्धतीला भक्कम आधार आहे. निर्गमच्या सतराव्या अध्यायात रफीदीम येथे अमालेकाशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा राहतो; हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होते आणि हात खाली आले की अमालेकाची. मोशेचे हात जड होतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा देतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवतात. मोशेसारख्या माणसाचेही हात थकले, ही नोंद शास्त्राने लपवलेली नाही. प्रार्थनेतील चिकाटीविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा थकणाऱ्याच्या विश्वासाकडे बोट दाखवतो. या मंडळीने थकवा गृहीत धरून धोंड्याची आणि हात धरणाऱ्यांची सोय केली, हे मला तिच्या पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) आणि भगिनींच्या शहाणपणाचे लक्षण वाटते.

ही कल्पना मंडळीच्या इतिहासातही जुनी आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात हेर्नहुट येथे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या बंधुजनांनी २७ ऑगस्ट १७२७ रोजी २४ बंधू आणि २४ भगिनी यांच्यात दिवसाचे तास वाटून घेतले आणि तिथे सुरू झालेला प्रार्थनेचा पहारा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. आपल्यासाठी त्याहून जवळचे उदाहरण केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये मुक्ती मिशनमधील मुलींपुढे रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्याची गरज मांडली, तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या सुमारे ५५० झाली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्या महिन्याच्या अखेरीस तिथे जे संजीवन, म्हणजे सामूहिक आध्यात्मिक जागृती, आले त्याच्या कथा आपल्या मंडळ्यांत अजून सांगितल्या जातात. परंतु त्याआधीच्या पाच महिन्यांत त्या मुली रोज सकाळी उठून बसत होत्या, हे तितक्या आवडीने सांगितले जात नाही. साखळीत नव्याने येणाऱ्यांना जे एक पानी माहितीपत्रक मिळते, त्यात केडगावचा उल्लेख करताना भर या पाच महिन्यांवर दिलेला आहे, आणि तो योग्यच आहे.

या माहितीपत्रकाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रार्थनेला बसल्यावर पाच मिनिटांत शब्द संपतात ही नवख्याची खरी अडचण असते. पत्रकाने त्यासाठी साधा क्रम दिला आहे: आधी एक स्तोत्र सावकाश मोठ्याने वाचावे, मग यादी घ्यावी, मधे काही वेळ शांत राहावे आणि शेवट येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेने करावा. सुचवलेली स्तोत्रे विचारपूर्वक निवडलेली आहेत. त्यात स्तुतीची स्तोत्रे आहेतच, पण ‘किती काळ’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारे १३ वे स्तोत्र आहे, शेवटपर्यंत अंधारातच राहणारे ८८ वे आहे, आणि रात्रीच्या भागांसाठी १३० वे आहे, ज्यात पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक उत्कंठेने जीव प्रभूची वाट पाहतो. पहाटे ३ वाजता हे स्तोत्र वाचताना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

त्याच त्या विनंत्या दर आठवड्याला मागणे म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशूने निषिद्ध ठरवलेली व्यर्थ बडबड नव्हे काय, असा प्रश्न मला एका वडीलधाऱ्या स्नेह्याने विचारला होता, आणि तो टाळण्यासारखा नाही. त्या वचनात दोष दाखवला आहे तो पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल या समजुतीचा. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे मत्तयच सव्विसाव्या अध्यायात सांगतो. तेव्हा तेच मागणे पुन्हा मागणे हे पाप असू शकत नाही. मागणाऱ्याचे मन त्यात आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातील, न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मागणाऱ्या विधवेचा दाखलाही बरेचदा उलटा समजला जातो. देव त्या न्यायाधीशासारखा आहे आणि त्याला सतावून सोडले की तो नाइलाजाने देतो, असे प्रभू सांगत नाही. देवाला न भिणारा आणि माणसांची पर्वा न करणारा न्यायाधीशदेखील जर शेवटी न्याय करतो, तर जो पिता आहे तो आपल्या निवडलेल्यांची रात्रंदिवस चाललेली हाक ऐकणार नाही काय, असा तो युक्तिवाद आहे. या सेवेत काम करणाऱ्यांच्या बोलण्यात ही दुसरी समजूत मला सातत्याने दिसली. देवाला वाकवण्याची भाषा तिथे कोणी वापरत नाही.

याचा पडताळा यादीच्या नियमांत मिळतो. कोणतीही विनंती ती देणाऱ्याला विचारल्याशिवाय काढली जात नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक विनंती देणाऱ्याला फोन करून विचारतात की विनंती तशीच ठेवायची, बदलायची, की थांबवायची. त्यामुळे काही विनंत्या वर्षानुवर्षे यादीत आहेत. व्यसनात अडकलेल्या एका मुलासाठी त्याच्या आईने दिलेली विनंती मी साखळीत आलो तेव्हापासून वाचत आहे. तिच्यासमोर अजूनही ‘चालू’ असेच लिहिलेले असते. ज्या सभांमध्ये मी पूर्वी जात असे तिथे अशी विनंती दोन-तीन आठवड्यांनंतर आपोआप मागे पडत असे, कारण सर्वांना नव्या साक्षी, म्हणजे प्रार्थनेचे उत्तर मिळाल्याचे अनुभव, ऐकायच्या असत. आपली विनंती मागे पडली हे त्या आईला कळत नसेल असे समजणे चुकीचे आहे. मागणारा थकतो त्याआधी ऐकणारी माणसे थकतात, आणि मागणारा एकटा पडतो तो इथेच. ही साखळी नेमक्या याच ठिकाणी माणसाला सोडत नाही, आणि केवळ या एका कारणासाठीही मी तिची शिफारस करीन.

मागितले तसे घडत नाही तेव्हा ही मंडळी कशी वागते, ते मी लक्ष देऊन पाहिले आहे. कोपरखैरण्यातील एका भगिनीने पतीच्या आजारासाठी विनंती दिली होती. पुढे ते बंधू प्रभूकडे गेले. त्या आठवड्याच्या यादीत तो क्रमांक गाळलेला नव्हता. भगिनीला विचारून त्या जागी तिच्या सांत्वनासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी विनंती लिहिली गेली, आणि खाली विश्वास कमी पडल्याचे किंवा देवाच्या योजनेचे कोणतेही स्पष्टीकरण जोडलेले नव्हते. प्रेषित पौलाने आपल्या एका त्रासाविषयी, ज्याला तो देहातील काटा म्हणतो, तीन वेळा विनंती केली आणि त्याला ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे उत्तर मिळाले. परंतु ते उत्तर पौलाला प्रभूकडून मिळाले होते, शेजाऱ्याकडून नव्हे. दुःखात असलेल्या माणसाला हे वचन कोणी आणि केव्हा ऐकवावे याचे भान आपल्याकडे अनेक चांगल्या विश्वासणाऱ्यांना नसते. या भगिनींना ते आहे.

यादीच्या पहिल्याच ओळीत, डॉक्टरांनी दिलेले औषध प्रार्थनेच्या कारणाने कोणीही बंद करू नये, अशी सूचना ठळक अक्षरांत असते. ती दर आठवड्याला छापली जाते आणि छापली जावीच.

या साखळीतील माणसे हा तिचा आणखी एक विशेष आहे. नगर, जालना, संभाजीनगर या भागांतून नोकरीसाठी आलेली कुटुंबे, त्यांची ऐरोली-महापे पट्ट्यात संगणक कंपन्यांत काम करणारी मुले, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आणि वाशीच्या घाऊक बाजारात पहाटेपूर्वीच कामाला जाणारे काही बंधू, असे सगळे तीत आहेत. ज्यांचा दिवस रात्री सुरू होतो त्यांना एरवीच्या सभांमध्ये स्थान नसते, कारण सभा त्यांच्या झोपेच्या वेळी भरतात. येथे पहाटे साडेतीनचा भाग बाजारात निघण्यापूर्वी एक बंधू घेतात आणि तो त्यांच्या सोयीचाच असतो. मंडळीत फारसे न दिसणारे हे लोक साखळीत मात्र अत्यंत नियमित आहेत, असे जबाबदार भगिनींनी मला सांगितले.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी साखळीचा शेवटचा अर्धा तास सर्वांनी एकत्र घालवायचा असतो. त्यासाठी नेरुळमध्ये एका सभागृहात जमतात. ठाण्याहून येणाऱ्याला ट्रान्स-हार्बर मार्गाची नेरुळकडे जाणारी गाडी सोयीची पडते. शनिवारी संध्याकाळी तिला गर्दी असते, पण बसायला मिळाले नाही तरी प्रवास फार लांबचा नाही. सभागृह साधे, स्वच्छ आणि हवेशीर आहे. मात्र ते पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे वर्षभर फोनवरून इमानाने साखळी चालवणाऱ्या काही आजींना या एकत्र येण्याला मुकावे लागते. तळमजल्यावर दुसरी जागा भाड्याने घेणे शक्य असेल तर ते आधी करावे.

या सभेत साक्षी होतात, एक-दोन गीते होतात, पाळकसाहेब दहा-बारा मिनिटे बोलतात आणि मग चहा असतो. मी ऐकलेल्या मनोगतांपैकी कर्मेल डोंगरावरील एलीया या संदेष्ट्याविषयीचे मनोगत विशेष चांगले होते. दुष्काळानंतर पावसाची वाट पाहत एलीया जमिनीपर्यंत वाकून बसलेला आहे, चाकर समुद्राकडे पाहून येतो आणि काहीच नाही म्हणून सांगतो, आणि सातव्या खेपेला माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतो. पाळकसाहेबांनी सर्व वेळ त्या चाकरावर दिला. दर वेळी ‘काही नाही’ हे खरे सांगणारा आणि तरी पुन्हा जाणारा तो माणूस, प्रार्थनेत एलीयाचा सोबती होता असे ते म्हणाले. साक्षींच्या बाबतीत मात्र सुधारणा हवी. नोकरी लागली, व्हिसा मिळाला, सदनिकेचे कर्ज मंजूर झाले, अशा साक्षींना बराच वेळ मिळतो. वाट पाहणाऱ्यांनाही बोलायला जागा ठेवली तर यादीत जो प्रामाणिकपणा आहे तो सभेतही येईल.

उणिवांपैकी सर्वांत गंभीर गोष्ट रात्रीच्या भागांची आहे. संध्याकाळी ६ ते १० आणि सकाळी ७ नंतरचे भाग भरायला अडचण येत नाही आणि त्यांत पुरुषांची नावे पुष्कळ असतात. रात्री १ ते पहाटे ३ या वेळेतील भाग मात्र मुख्यतः त्याच त्या ज्येष्ठ भगिनींवर येऊन पडतात, आणि त्यांतील काहींना रक्तदाबाचा त्रास आहे. त्या तक्रार करत नाहीत, म्हणूनच दुसऱ्यांनी ती केली पाहिजे. रात्रीचे भाग आळीपाळीने सर्वांना लागावेत आणि सत्तरीपुढील कोणालाही लागोपाठ दोन आठवडे रात्रीचा भाग देऊ नये, असा नियम व्हायला हवा. मी हे जबाबदार भगिनींना कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे; अंमलबजावणी अजून व्हायची आहे.

दुसरी अडचण गुप्ततेची. यादीत पूर्ण नावे नसतात, केवळ आद्याक्षर आणि राहण्याचे ठिकाण असते. परंतु समाज लहान आहे आणि ‘ऐरोली, सुनेशी समेट’ एवढे लिहिले तरी घर ओळखू येते. कौटुंबिक विनंत्यांमध्ये ठिकाणही गाळावे. यादी दुसऱ्या गटांत पाठवू नये ही सूचना आहे, पण ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. तिची जागा औषधाच्या सूचनेशेजारी असायला हवी.

नवी मुंबईत वाढलेल्या मुलांपैकी अनेकांना मराठी बोलता येते, पण देवनागरी भरभर वाचता येत नाही. त्यांच्यासाठी तरुण संघातील एक मुलगी यादी वाचून ध्वनिमुद्रित करते. हे चांगले आहे आणि ते चालू राहावे. मात्र मुद्रण बरेचदा शुक्रवारी दुपारनंतर येते, ते यादीबरोबरच आले तर बरे होईल.

सेवेसाठी कोणतेही शुल्क नाही आणि वर्गणी मागितली जात नाही. सभागृहाचे भाडे आणि चहाचा खर्च मंडळी करते. विनंती देण्यासाठी साखळीत सहभागी असण्याची अट नाही, तसेच ख्रिस्ती असण्याचीही नाही. शेजारी किंवा कार्यालयातील सहकारी यांच्या विनंत्याही त्यांना विचारून घेतल्या जातात.

ज्यांना सहभागी व्हायचे आहे त्यांनी नवी मुंबईतील ओळखीच्या मराठी मंडळीत चौकशी केल्यास माहिती मिळते. ही साखळी तिथल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळांना माहीत आहे. नव्या व्यक्तीला पहिला महिना दिवसाचा भाग देतात आणि सोबत एक अनुभवी जोडीदार देतात, जो फोनवरून तिच्याबरोबर प्रार्थना करतो. त्यानंतर आपली वेळ आपण निवडायची असते. पंचेचाळीशीच्या आतील आणि प्रकृती ठीक असलेल्या बंधूंनी चौकशी करतानाच रात्री १ ते ३ मधला एखादा भाग मागून घ्यावा.